स्क्रीन फुटलेल्या लॅपटॉपमधून आप्पांच्या ओव्या कशा बाहेर काढू?

माणदेशी_लेक (गुरुवार, रात्री ९.४०)

नमस्कार. मदत हवी आहे, जरा तातडीची.

परवा आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या लॅपटॉपची स्क्रीन फुटली. लॅपटॉप कॉटवर उघडा होता, चार्जरच्या वायरीत पाय अडकला आणि तो शहाबादी फरशीवर आपटला. आता स्क्रीनवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा आहेत, मधोमध काळा डाग आहे, आणि काहीही वाचता येत नाही. पण चालू होतो. पंखा फिरतो, बटणांखालचे दिवे लागतात, सुरू होतानाचा विंडोजचा आवाजही येतो.

आप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, वय ७६. माण तालुक्यात आमच्या गावी राहतात. गेली अकरा-बारा वर्षं ते आसपासच्या वाड्यावस्त्यांवर जाऊन म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या गोळा करताहेत. रेकॉर्डरवर आवाज घ्यायचा, घरी येऊन टाइप करायचं. रेकॉर्डर भरला की लॅपटॉपवर टाकून रिकामा करायचा. म्हणजे दुसरी प्रत कुठेच नाही. यातल्या कितीतरी बायका आता हयात नाहीत. माझी थोरली चुलतीही गेली दोन वर्षांपूर्वी.

जवळच्या गावात एका दुकानात दाखवलं. तो म्हणाला, स्क्रीन बदलून देतो, पण फॉरमॅट मारावा लागेल, डेटाची गॅरंटी नाही. आप्पा लॅपटॉप उचलून घरी घेऊन आले. तेव्हापासून धड जेवले नाहीत.

लॅपटॉप २०१६ चा, विंडोज १०. मी पुण्यात. रविवारशिवाय गावी जाता येणार नाही. काय करू?

तुषार_पिंपरी (रात्री ९.५२)

ताई, सोपं आहे. एचडीएमआय वायर घ्या, टीव्हीला जोडा. स्क्रीन फुटली म्हणजे फक्त काच गेली, आतलं सगळं जागेवर आहे.

सर्किटवाला (रात्री १०.०५)

मी कोल्हापुरात लॅपटॉप दुरुस्तीचं काम करतो, १७ वर्षं झाली. आधी एक स्पष्ट सांगतो. स्क्रीन बदलायला फॉरमॅट मारावा लागत नाही. कधीच नाही. स्क्रीन झाकणात असते, डिस्क खाली बॉडीत असते. चार-सहा स्क्रू, एक केबल, पट्टी परत बसवली की संपलं. डिस्कला हातसुद्धा लागत नाही. असं कुणी सांगितलं तर तुमच्या आप्पांनी केलं तेच करायचं, लॅपटॉप उचलायचा आणि घरी यायचं.

आता माझा प्रश्न. पडला तेव्हा लॅपटॉप चालू होता का? २०१६ चा म्हणजे आत बहुतेक फिरणारी हार्ड डिस्क असणार, एसएसडी म्हणजे चिपवाली नव्हे. चालू असताना आपटला तर आतल्या तबकड्यांना मार लागू शकतो. आप्पांना सांगा, लॅपटॉप शांत खोलीत चालू करा आणि हाताजवळच्या भागाला कान लावून ऐका. नेहमीची घरघर असेल तर ठीक. टक्-टक्-टक् असा एकसारखा आवाज येत असेल तर लगेच बंद करा आणि पुन्हा चालू करू नका. मग ते काम माझ्यासारख्याचंही नाही, डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेचं आहे.

माणदेशी_लेक (रात्री १०.३१)

आत्ताच फोन केला. आप्पांनी कान लावून ऐकलं. टक्-टक् नाही, नेहमीसारखा आवाज आहे. पडताना चालू होता, पण झाकण अर्धं मिटलेलं होतं म्हणे.

तुषार, गावच्या टीव्हीला एचडीएमआय नाही. जुना डबा टीव्ही आहे, लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरींचा.

विहीर (रात्री १०.४०)

टक्-टक् आवाज आला तर डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवतात ना? माझ्या मामाने केलं होतं, चालली होती थोडा वेळ.

सर्किटवाला (रात्री १०.४८)

विहीर, कृपा करून हे कुणी करू नका. फ्रीजरमधून बाहेर काढल्यावर ताकाच्या ग्लासला जसं पाणी सुटतं तसं डिस्कच्या आतही दव धरतं. तबकडी आणि वाचणारं टोक यांच्यात केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतर असतं. पाण्याचा एक थेंब तिथे काय करेल विचार करा. मामांचं नशीब चांगलं होतं. प्रयोगशाळेत वाचवता आल्या असत्या अशा डिस्का या उपायाने गेलेल्या मी पाहिल्यात.

अनघा_न्यूजर्सी (शुक्रवार, सकाळी ६.१५)

टीव्हीबद्दल माझा अनुभव सांगते, पुढे कुणाला लागेल. माझी स्क्रीन गेली तेव्हा टीव्हीवर नुसता वॉलपेपर दिसत होता. आयकॉन नाहीत, काही नाही. मला वाटलं सगळं उडालं. प्रत्यक्षात लॅपटॉप टीव्हीला ‘जोडपडदा’ समजत होता, आणि खरा कारभार फुटक्या स्क्रीनवरच चालू होता. विंडोजचं बटण दाबून ठेवून पी दाबायचं. चार पर्याय येतात: फक्त लॅपटॉप, दोन्हीकडे तेच, पसरून, आणि फक्त दुसरा पडदा. पण ती यादीसुद्धा फुटक्या स्क्रीनवरच उघडते! म्हणून अंदाजाने करायचं. विंडोज धरून ठेवून पी एकेकदा जास्त दाबत जायचं, सोडायचं, एन्टर मारायचं, पाच सेकंद थांबायचं. पर्याय चारच असतात, कुठेतरी लागतोच.

दुसरी गोष्ट महत्त्वाची. टीव्ही जोडायच्या आधी मी डिस्क काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावली होती. तर त्याने ४८ आकडी किल्ली मागितली. बिटलॉकर, म्हणजे विंडोजने डिस्कला घातलेलं कुलूप. मी ते कधी चालू केलेलं आठवत नव्हतं, पण नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केलं की पुष्कळदा ते आपोआप चालू होतं. किल्ली त्याच खात्यात ऑनलाइन साठवलेली असते. आमचं खातं मुलाच्या नावावर निघालं, आणि तो शेवटी जुना पासवर्ड आठवेपर्यंत दोन दिवस गेले. ज्यांचे लॅपटॉप अलीकडचे आहेत त्यांनी ही किल्ली आजच कागदावर उतरवून ठेवा.

तुषार_पिंपरी (सकाळी ९.२०)

अनघाताई, २०१६ च्या साध्या लॅपटॉपवर बिटलॉकर असण्याची शक्यता कमी. रविवारी जाणारच आहेत ना? मग थेट नवी स्क्रीन बसवून घ्यावी. अर्ध्या तासाचं काम आहे. एवढा खटाटोप कशाला?

गोदाकाठ (सकाळी ९.४५)

तुषार, मी असहमत. आधी प्रत, मग दुरुस्ती. दुकान कितीही चांगलं असो, तिथे लॅपटॉप चार हातांतून जातो. कुणीतरी ‘जरा स्लो वाटतंय’ म्हणून विंडोज नवीन टाकून देतं, तेही चांगल्या हेतूने. माझ्या बहिणीच्या पीएचडीची दोन वर्षांची मोजमापं अशीच गेली. आणि इथे मूळ प्रत एकच आहे.

सर्किटवाला (सकाळी ११.१०)

गोदाकाठ यांचं म्हणणं दुकानवाला म्हणूनही मला पटतं. माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिला प्रश्न विचारतो, डेटा दुसरीकडे आहे का? नाही म्हणाला तर आधी त्याच्यासमोर कॉपी करून देतो, मग स्क्रू काढतो.

ताई, रविवारी जाल तेव्हा ही सोय करून न्या. लॅपटॉपच्या अडीच इंची साटा डिस्कला यूएसबीत घालायची केबल मिळते. केसिंग, म्हणजे डिस्क आत बसवायची यूएसबीची डबीही चालेल. पुण्यात तापकीर गल्लीत मिळेल, मुंबईत असता तर लॅमिंग्टन रोड म्हटलं असतं. चार-पाचशेच्या आत काम होतं. अडीच इंची डिस्क यूएसबीच्या करंटवरच चालते, वेगळा अडॅप्टर लागत नाही. डेस्कटॉपच्या मोठ्या साडेतीन इंची डिस्कला मात्र लागतो.

डिस्क लावल्यावर दोन गोष्टींना घाबरू नका. ‘या फोल्डरची परवानगी नाही’ असं आलं तर कंटिन्यू म्हणा, थोडा वेळ घेईल, उघडेल. पण ‘वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा’ असं आलं तर कॅन्सल. काहीही झालं तरी कॅन्सल. आणि मला इथे विचारा.

मी_आर्या (दुपारी १.०५)

मॅकवाल्यांसाठी. गेल्या काही वर्षांतल्या मॅकबुकमध्ये एसएसडी बोर्डालाच चिकटवलेली असते. काढून केसिंगमध्ये घालणं हा प्रकारच नाही. माझा जुना, इंटेल चिपवाला होता. सुरू करताना टी दाबून धरलं, केबलने दुसऱ्या मॅकला जोडला, आणि तो चक्क बाहेरच्या डिस्कसारखा दिसला. स्क्रीन काळी असतानाही हे जमतं. एम१ चिपपासूनच्या नव्या मॅकमध्ये टी चालत नाही, रिकव्हरीत जाऊन ‘शेअर डिस्क’ करावं लागतं, आणि ते करायला डोळ्यांनी दिसावं लागतं. म्हणजे बाहेरचा मॉनिटर आलाच.

कानसेन (दुपारी २.३०)

सगळा धागा ऐकला. मी नाशिकला बँकेत आहे, जन्मापासून दिसत नाही. माझ्या लॅपटॉपची स्क्रीन गेली तीन वर्षं बंद आहे, मी ती दुरुस्तच केलेली नाही, मला तिची गरज पडत नाही. दिवसभर कर्जांचे तक्ते, ईमेल, पत्रं, सगळं काम त्याच्यावर होतं.

म्हणून मला वाटतं, माणदेशी ताईंनी रविवारची वाट बघायची गरज नाही. आप्पांचा लॅपटॉप चालू आहे आणि त्याचा आवाज येतो. एवढं पुरेसं आहे.

विंडोज १० मध्ये नॅरेटर नावाचा बोलणारा वाचक असतोच, काही टाकावं लागत नाही. विंडोज, कंट्रोल आणि एन्टर ही तीन बटणं एकत्र दाबली की तो बोलायला लागतो, पासवर्ड मागणाऱ्या पडद्यावरसुद्धा. कंट्रोल नुसतं एकदा दाबलं की गप्प होतो. मग:

स्पेस दाबायचा, पिन टाइप करायचा. पिन नसून पासवर्ड असेल तर शेवटी एन्टर. आत गेल्यावर पेन ड्राइव्ह लावायचा. विंडोज आणि ई, फोल्डरची खिडकी उघडते. आल्ट आणि डी, पत्त्याच्या जागी जातो. तिथे जो ड्राइव्ह हवा त्याचं अक्षर आणि कोलन, मग एन्टर. आता खालीवर बाण दाबत जायचं, तो एकेका फोल्डरचं नाव वाचतो. हवा तो आला की कंट्रोल सी. पुन्हा आल्ट डी, पेन ड्राइव्हचं अक्षर आणि कोलन, एन्टर. अक्षर ई असेल किंवा एफ, खिडकीचं नाव तो वाचतो त्यात ‘यूएसबी’ ऐकू आलं की बरोबर. मग कंट्रोल व्ही.

कट म्हणजे कंट्रोल एक्स अजिबात वापरायचं नाही. मूळ तिथेच राहू द्या.

कॉपी होत असताना आल्ट-टॅबने त्या खिडकीवर गेलात की किती टक्के झालं ते तो सांगतो. घाई नको.

फोल्डरची नावं इंग्रजी अक्षरांत आहेत का? देवनागरीत असतील तर इंग्रजी आवाजाला ती वाचता येत नाहीत, मग बाण मोजत जावं लागेल.

बाबूराव_नागपूर (दुपारी २.४१)

दादा, नमस्कार तुम्हाला. आम्ही सगळे डोळेवाले इथे वायरी शोधत बसलो होतो.

माणदेशी_लेक (दुपारी ३.०२)

कानसेन दादा, वाचताना अंगावर काटा आला. फोल्डरची नावं इंग्रजीतच आहेत, आप्पांनी गावांची नावं दिलीत. सगळं डी ड्राइव्हमध्ये आहे, ‘ओव्या’ नावाच्या फोल्डरमध्ये. माझा दहावीतला चुलतभाऊ संध्याकाळी क्लासहून येतो, त्याला आप्पांजवळ बसवते. ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह घरी आहे.

शिरवळकर (दुपारी ४.१५)

थोडं विषयांतर, पण ओव्यांचं ऐकून राहवलं नाही. आमच्या आजीचं जातं अजून माडीवर आहे. लहानपणी पहाटे चारला त्या घरघरीने जाग यायची आणि तिच्या मांडीवर डोकं ठेवून परत झोप लागायची. तिच्या ओव्यांत माझ्या आत्याचं सासर यायचं, कर्जाचा डोंगर यायचा, पंढरीचा विठोबा तर यायचाच. एकही कुणी लिहून ठेवली नाही. ताई, आप्पांना माझा दंडवत सांगा.

रुचिरा_मडगाव (दुपारी ४.५०)

आमच्याकडे गोव्यातही जात्यावरची गाणी होती. माझी आई कोंकणीत म्हणायची, मावशी मराठीत, आणि दोघी एकाच जात्यावर बसत. आता कुणाच्या लग्नात घाणा भरताना दोन ओळी ऐकू येतात, तेवढ्याच.

माणदेशी_लेक (शुक्रवार, रात्री ११.२०)

ऐका.

साडेसातला फोन स्पीकरवर ठेवून सुरुवात केली. भाऊ बटणं दाबत होता, आप्पा शेजारी. पहिल्यांदा काहीच बोललं नाही. दहा मिनिटं तशीच गेली. मग भावाच्या लक्षात आलं, आवाज मिटवलेला होता. आवाज वाढवला आणि लॅपटॉप बोलला. आप्पा फोनवरून ओरडले, “बोलतोय गं, बोलतोय!”

पिन आप्पांनी स्वतःच टाकला, दुसऱ्यांदा बरोबर लागला. डी ड्राइव्ह उघडला. बाण खाली खाली दाबत गेलो तसं तो एकेका वाडीचं नाव वाचू लागला. उच्चार अगदीच परके होते, पण आप्पा प्रत्येक नावाला “हां, ही आपलीच” म्हणत होते. आख्खा फोल्डर कॉपीला लावला.

चाळीस मिनिटांनी काहीतरी अडलं. भावाने पुन्हा पुन्हा ऐकलं, फाइल फार मोठी आहे असं काहीसं म्हणत होता. आम्ही ‘स्किप’ ऐकू येईपर्यंत टॅब दाबत गेलो आणि एन्टर मारलं. बाकीचं सगळं उतरलं. पेन ड्राइव्ह काढून शेजारच्या कॉम्प्युटरवर लावून पाहिला. आवाज आहेत, लागताहेत. राहिलेली एकच फाइल म्हणजे चुलतीचा व्हिडिओ, जातं ओढतानाचा.

आप्पा जेवले आज. कानसेन दादा, काय बोलू.

कानसेन (रात्री ११.३४)

काही बोलू नका ताई. आप्पांना सांगा, पेन ड्राइव्ह जपून ठेवा आणि त्यावर दुसरं काही टाकू नका.

तुषार_पिंपरी (रात्री ११.५०)

भारी! व्हिडिओ अडला तो पेन ड्राइव्हमुळे. ३२ जीबीचे पेन ड्राइव्ह सहसा फॅट३२ पद्धतीचे येतात, आणि त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी मावतच नाही, जागा कितीही असो. एक्सफॅट केला की मावेल. पण त्यासाठी पेन ड्राइव्ह पुसावा लागतो, आणि त्यात आता ओव्या आहेत. तेव्हा त्याला हात लावू नका, नवीन घ्या.

माझं पहिलं म्हणणं मागे घेतो. आधी प्रत हेच बरोबर.

सर्किटवाला (शनिवार, सकाळी ८.३०)

मनापासून आनंद झाला. ताई, रविवारी केबल घेऊन जा आणि व्हिडिओ डिस्कवरून थेट तुमच्या लॅपटॉपवर घ्या. आधी नीट शट डाउन करा, झाकण मिटून नव्हे. शट डाउन करताना शिफ्ट दाबून धरा. नाहीतर विंडोज पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून अर्धवट झोपतं, आणि डिस्क दुसरीकडे लावल्यावर कुरकुर करतं. चार्जर काढा, बॅटरी काढा, मगच स्क्रू. स्क्रू लहान-मोठे असतात, काढाल तशा क्रमाने कागदावर चिकटपट्टीने लावत जा.

फुटलेल्या स्क्रीनला बोटं लावू नका. आत खरी पातळ काच असते. कुठे तेलकट ओल दिसली तर हात साबणाने धुवा.

माणदेशी_लेक (रविवार, सायंकाळी ६.१०)

गावी आहे. डिस्क निघाली, केबलवर लगेच दिसली. व्हिडिओ आला. तुम्ही सांगितलेलं ‘परवानगी नाही’ पण आलं, कंटिन्यू म्हटलं.

आता नवाच प्रश्न. आप्पांनी टाइप केलेल्या वर्डच्या फाइली माझ्या लॅपटॉपवर उघडल्या, तर नुसती इंग्रजी अक्षरं, आकडे आणि चित्रविचित्र खुणा. एक शब्द मराठी नाही. शेकडो पानं आहेत. आप्पांचा चेहरा परत पडलाय. फाइली खराब झाल्या का?

खिळाछपाई (सायंकाळी ६.२५)

नाही! एकही अक्षर गेलेलं नाही. आप्पांना आधी हे सांगा, बाकीचं नंतर वाचा.

मी पुण्यात छापखान्यात जुळारी म्हणून सुरुवात केली, नंतर पेजमेकरवर, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायला आलो. हे दुखणं माझ्या ओळखीचं आहे. आप्पांनी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरना कळणाऱ्या आजच्या पद्धतीत टाइप केलेलं नाही, जुन्या फॉन्टमध्ये केलंय. डीव्हीबी टीटी सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी, त्या काळातला कुठलाही असेल. या फॉन्टांची युक्ती अशी होती की कॉम्प्युटरच्या लेखी तुम्ही इंग्रजी अक्षरंच टाइप करत होता, फक्त त्या अक्षराच्या घरात ‘क’चं चित्र बसवलेलं असायचं. प्रत्येक कंपनीने घरं वेगळी वाटली. फॉन्ट असेल तोवर मराठी दिसतं, फॉन्ट नसला की खाली दडलेली इंग्रजी अक्षरं उघडी पडतात.

फॉन्ट त्याच डिस्कवर आहे. सी ड्राइव्ह, विंडोज, फॉन्ट्स. तो आख्खा फोल्डर कॉपी करा. वर्डमध्ये मजकूर निवडला की वर फॉन्टचं नाव दिसेल, त्या नावाची फाइल शोधून आपल्या लॅपटॉपवर इन्स्टॉल करा.

माणदेशी_लेक (सायंकाळी ६.५८)

सुरेख होता. बसवला, फाइल बंद करून उघडली, आणि सगळं पान भरून मराठी!! आप्पांनी चष्मा पुसून पहिली ओळ मोठ्यांदा वाचली.

खिळाछपाई (सायंकाळी ७.२०)

आता काका म्हणून दोन शब्द ऐक, पोरी. आज दिसलं म्हणून थांबू नकोस. दहा वर्षांनी हा फॉन्ट कुणाकडे असेल? पहिलं काम, प्रत्येक फाइलचा पीडीएफ करून ठेव, त्यात फॉन्ट आत बांधला जातो. दुसरं, सगळं युनिकोडमध्ये बदलून घे. रूपांतर करणारी साधनं फुकट मिळतात.

पण साधनावर आंधळा विश्वास नको. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते, कारण आपण उच्चार तसा करतो. रफाराचं उलट. ‘अर्थ’ लिहिताना जुन्यात थ आधी, त्यावर रफार नंतर. युनिकोडमध्ये अर्धा र आधी. साधन ही उलटापालट करतं, पण जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकदम आले की अडखळतं. म्हणून मूळ पान शेजारी ठेवून प्रत्येक ओळ वाचावी लागते.

आणि शुद्धलेखन तपासणी बंद ठेव. आप्पांनी ‘व्हतं’, ‘म्हनून’, ‘आन्’ असं बाईच्या तोंडचं लिहिलं असणार. मशीन ते पुण्याचं करून टाकेल, आणि मग ओवी त्या बाईची राहणार नाही.

शिरवळकर (सायंकाळी ७.४०)

काका, शेवटच्या परिच्छेदासाठी धन्यवाद.

अनघा_न्यूजर्सी (रात्री ८.०५)

मी प्रूफ वाचायला तयार आहे, रोज रात्री एक तास. माझं माहेर दहिवडीचं, माणदेशी बोली कळते. आणखी कुणी?

शिरवळकर (रात्री ८.०९)

मी.

रुचिरा_मडगाव (रात्री ८.३०)

मीही. बोली येत नाही, पण मूळ पानाशी अक्षरन् अक्षर ताडून बघू शकते.

गोदाकाठ (रात्री ९.१५)

प्रतींचं काय ठरलं ताई? एक गावात, एक पुण्यात, आणि एक ऑनलाइन असावी असं मला वाटतं. एकाच घरात दोन प्रती म्हणजे एकच प्रत. चोरी, आग, पाणी, सगळं एकदम येतं.

बाबूराव_नागपूर (रात्री ९.२२)

ऑनलाइनला गुगलवर १५ जीबीच फुकट मिळतात, आणि गावच्या नेटवर वीस-बावीस जीबी चढवायला होळीची दिवाळी होईल. पुण्यातून चढवा.

माणदेशी_लेक (पुढचा शनिवार, रात्री १०.४५)

उशिरा लिहितेय, पण ज्या प्रश्नाने धागा सुरू केला तो पुरा करते.

स्क्रीन बदलली. साताऱ्यात, समोर बसून. जुन्या पॅनलच्या मागचा नंबर पाहून आणि केबलच्या पिना मोजूनच नवीन घेतलं. ३० पिनांचं होतं. फॉरमॅटचा विषयही निघाला नाही, डिस्क तर माझ्या पर्समध्येच होती. बाहेरच्या दोन डिस्कांवर प्रती केल्या, एक आप्पांच्या कपाटात, एक माझ्याकडे. तिसरी हळूहळू ऑनलाइन चढतेय. युनिकोडचं काम अनघाताई, शिरवळकर आणि रुचिरा यांनी वाटून घेतलंय, पहिल्या चाळीस पानांत खिळाछपाई काकांनी म्हटलं तशाच चुका सापडल्या, बहुतेक रफाराच्या.

काल रात्री आप्पांनी चुलतीचा व्हिडिओ लावला. सुरुवातीला बराच वेळ नुसती जात्याची घरघर आहे. मग ती म्हणते, “भाऊजी, ते चालू झालं का?” आप्पा म्हणतात, “झालं, म्हणा तुम्ही.” आणि ती सुरू करते. आम्ही कुणी बोललो नाही.

कानसेन (रात्री ११.०२)

ताई, एक विचारू का? आप्पांची हरकत नसेल तर एखादी ओवी मला ऐकायला मिळेल का? व्हिडिओ नको, नुसता आवाज.

माणदेशी_लेक (रात्री ११.१०)

आप्पा शेजारीच आहेत. म्हणाले, “एखादी कशाला? त्यांच्यामुळेच मिळाल्या, सगळ्या पाठव. आणि घरघर कापू नकोस.”